घराकडे वळवलेला कर्णा

"दोन बॉक्स पुरतील, ताई," अल्ताफ म्हणाला. "नदीकाठ आहे, आवाज घुमतो. माणसं समोरच बसणार. कर्णा कशाला?"

तो ओट्याखाली चपला काढून उभा होता. मी खांबाला टेकून बसले होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून आई बोलली.

"मला ऐकू आलं पाहिजे."

अण्णा गेल्यापासून तिनं एवढं मोठ्यानं काही म्हटलं नव्हतं. भेटायला येणाऱ्या बायका तिच्या गळ्यात पडून रडायच्या, ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची आणि त्या गेल्या की पुन्हा भिंतीला टेकून बसायची. अल्ताफनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"चुकलं माझं, काकी," तो दाराकडे तोंड करून म्हणाला. "अण्णांच्या दहाव्याला कर्णा नको म्हणणारा मी कोण."

अण्णा म्हणजे माझे वडील. गावात लाउडस्पीकरचा धंदा पहिल्यांदा त्यांनी आणला. लग्नं, जत्रा, सभा, दहावे, सगळीकडे त्यांचेच कर्णे. अल्ताफ शाळेत असल्यापासून त्यांच्या हाताखाली तारा ओढायचा. पुढे त्यानं स्वतःचे डीजेचे बॉक्स घेतले आणि अण्णा घरी बसले. त्यावरून दोघांत कधी वाकडं आलं नाही. अल्ताफचा टेम्पो दारावरून गेला की अण्णा ओट्यावरून हात वर करायचे, आणि आत येऊन आईला सांगायचे की पोरानं आज वायर नीट गुंडाळलेली नाही.

आमच्या गावात दहाव्याला नदीवर सगळे जातात, बायकासुद्धा. फक्त जिचा नवरा गेला ती बाई जात नाही. ती घरात बसते. घाटावर प्रवचन होतं, मग चार माणसं माइकवर बोलतात आणि शेवटी घरातला कर्ता पुरुष उठतो. तो पुढचं सांगतो. पोरांच्या शिक्षणाचं कोण बघणार, शेत कोण कसणार, म्हातारीला कोण सांभाळणार. गेलेल्या माणसाला साक्ष ठेवून, पिंडाला कावळा शिवायच्या आधी बोललेलं असतं ते. आमच्याकडे कागदापेक्षा त्याला वजन. माइकवर बोलून मागे फिरलेल्या माणसाला गावात पुन्हा कुणी सोयरिकीला बोलावत नाही.

आणि ज्या बाईचं सगळं आयुष्य त्या बोलण्यावर ठरायचं, तिला ते ऐकूच जायचं नाही. आजोबा गेले तेव्हा आजी इथेच बसली होती. घाटावरून आलेल्या माणसांना तिनं विचारलं, काय बोलले रे? प्रत्येकानं वेगळं सांगितलं. अण्णा तेव्हा नुकते धंद्यात पडले होते. त्यानंतर त्यांनी एक रीत धरली ती शेवटपर्यंत. दहाव्याला तीन कर्णे लोकांकडे आणि एक लोकांकडे पाठ करून गावाकडे, मयताच्या घराच्या दिशेनं. लोक थट्टा करायचे. "अण्णा, माणसं इकडं बसलीत, तिकडं काय म्हसरांना ऐकवताय?" अण्णा हसायचे आणि कर्ण्याचं तोंड अजून थोडं वळवायचे.

उद्या घाटावर बबनकाका बोलणार होते. ते अण्णांचे धाकटे भाऊ. घर त्यांच्या नावावर होतं. आजोबांनी थोरल्याला शेत आणि धाकट्याला घर दिलं होतं, आणि अण्णांनी शेत विकून धंदा उभा केला. भावाभावांत कधी हिशेब झाला नाही. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही, मागच्या नव्या बांधकामात काका. पण गावाबाहेरचा रस्ता मोठा झाला, आमचा ओटा एकदम हमरस्त्यावर आला, आणि काकांचा प्रवीण येता जाता ओट्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागला. दवाखान्यात अण्णांनी काकांचा हात धरला होता. "तिला त्या घरातून हलवू नको." काका रडले. "कोण हलवतो, अण्णा? दहाव्याला गावासमोर माइकवर सांगतो." अण्णांनी डोळे मिटले. त्यानंतर त्यांनी कशाचीच काळजी केली नाही.

मी नाशिकला कॉलेजात शिकवते. अण्णांच्या आजारपणाचे सगळे महिने मी एसटी, दवाखाना आणि कॉलेज या तीन ठिकाणी बसून काढले होते. माझ्या मनात आता एवढंच होतं की कुठेतरी अंधाऱ्या खोलीत आडवं व्हावं आणि कुणी हाक मारू नये. आईनं सरळ माझ्याकडे यावं, हे मी तिला दोनदा म्हटलं होतं. ती "बघू" म्हणाली होती.

"कर्णे आहेत कुठं पण?" अल्ताफ विचारत होता. "माझे मी भंगारात घातले. मशिदीवर एक आहे, तो काढून आणला तर जमातवाले त्याच्या जागी मला टांगतील."

"माळ्यावर एक आहे," आई आतून म्हणाली. "गोणपाटात."

अल्ताफनं तो खाली काढला. पत्र्याला पोपडे आले होते, पण तोंड कुठे चेपलं नव्हतं. त्यानं टेम्पोतला छोटा अँप्लिफायर आणून तारा जोडल्या, माइकवर टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. कर्ण्याला कान लावला.

"मेलंय युनिट."

कर्ण्याच्या मागे डब्यासारखं युनिट असतं. आवाज तिथे तयार होतो, कर्णा तो फक्त लांब फेकतो. नवीन युनिट तालुक्याला मिळालं असतं, पण त्या दिवशी तिथला बाजार बंद होता आणि सकाळी दहावा.

"तू उघडून बघ ना," मी म्हणाले.

"ताई, मी आजवर युनिटं बदललीत. आतली तार कधी जोडली नाही. ते काम काकींचं. अण्णांची बोटं कशी होती, केळ्यासारखी. ते उघडून काकींच्या पुढ्यात ठेवायचे." तो घुटमळला. "आणि मला हळदीचा मांडव आहे संध्याकाळी. बॉक्स लावून येतो परत, पण…"

"जा तू," आई म्हणाली. "ही उजू आहे ना, ती करेल."

त्याच वेळी मागच्या अंगणातून बबनकाका आले. डोक्याला टॉवेल, तळहातावर तंबाखू. कर्णा बघून ते थांबले.

"हे काय काढलंय, उजे?"

"उद्यासाठी. आईला घरात ऐकू यायला पाहिजे."

"सुतकात हत्यारं काढायची? सिंधू बघ, काय चाललंय." काकू त्यांच्यामागे चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रे आत आईपुढे ठेवून, आईकडे न बघता, ती तशीच परत गेली. काकांनी तंबाखू चोळली. "अल्ताफ, डीजेवाला माणूस तू, भोंगा लावणार? गाव हसंल. अण्णाला जन्मभर हसलं तेवढं बास की."

"माझी हरकत नाही, काका," अल्ताफ म्हणाला. "हसू दे."

"तसं नाही रे. उगा बाईमाणसाला त्रास. तिकडं लोक काहीबाही बोलणार, ही इथं एकटी ऐकत बसणार. वहिनीला मी सांगतो ना येऊन. घाटावरून आलो की पहिला इथं बसतो, काय बोललो ते शब्दन् शब्द सांगतो."

"भावजी," आई आतून म्हणाली, "तिथूनच ऐकते मी. तुमच्या तोंडून."

काकांनी तंबाखू तोंडात टाकली. मग ते हसले, माझ्याकडे बघून. "एवढी पुस्तकं वाचलीस, कॉलेजात शिकवतीस, आणि शेवटी हातात काय, तर अण्णाचा स्क्रू-ड्रायव्हर."

"पुस्तकं नंतर आली, काका. हे आधीचं."

ते खरंच होतं. दुसऱ्यांच्या घरी पाळण्यावर खुळखुळा असतो, माझ्या पाळण्यावर म्हणे कर्ण्याच्या युनिटातला फाटलेला पडदा टांगलेला असायचा. पण बघणं वेगळं आणि करणं वेगळं.

मी आईच्या खोलीतच बसले, खिडकीपाशी, ऊन येत होतं तिथे. खाली पांढरं फडकं अंथरलं, स्क्रू हरवू नयेत म्हणून. युनिट कर्ण्यापासून फिरवून सोडवलं, मागचं झाकण काढलं. आत लोहचुंबक, त्याच्या गोल फटीत बसणारी तांब्याच्या तारेची कॉइल, आणि कॉइलला चिकटलेला वाटीएवढा पातळ पडदा. कॉइलच्या दोन टोकांच्या तारा बाजूच्या पितळी पट्ट्यांवर झाळलेल्या असतात. त्यातली एक पट्टीपाशीच तुटली होती. केसाएवढी तार. उजेडात धरल्याशिवाय तुटलेली दिसतही नव्हती.

"दिसली?" आईनं विचारलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. अण्णांच्या आजारपणात ऑपरेशन पुढे पुढे गेलं होतं.

"पट्टीजवळ तुटलीय. थोडं टोक उरलंय."

"कॉइल धड आहे ना? मग सोपं आहे. आधी टोक खरवड. ब्लेडनं नाही, तुटेल. पॉलिश पेपरच्या कपट्यानं. तांब्यावर व्हार्निश असतं, ते गेल्याशिवाय कथील धरत नाही."

मी खरवडलं. चिमटीत धरलेल्या तारेचं टोक तांबूस चमकायला लागलं. पट्टीपर्यंत ते पोचत नव्हतं, म्हणून जुन्या वायरीतला एक तंतू काढून मधे जोड द्यायचा होता. सोल्डरिंगची गन अण्णांच्या पेटीत होती, गुंडाळलेल्या वायरीसकट, वायर अगदी नीट. ती तापत ठेवली. अण्णांच्या कामाचा तो राळेचा वास खोलीत पसरला तसं आईनं तोंड दुसरीकडे वळवलं. मीही पडद्याकडेच बघत राहिले.

पहिला जोड जमायला बराच वेळ गेला. तार हलायची, कथिलाचा थेंब भलतीकडे पडायचा. एकदा गन बोटाला लागली. शेवटी तार पट्टीवर बसली, सरळ, आखल्यासारखी. मला बरं वाटलं.

"झालं," मी म्हणाले.

"आण इकडं."

मी युनिट तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं करंगळीचं टोक तारेवर टेकवलं, इतकं हलकं की मला वाटलं अजून लागलेलंच नाही.

"ताणलीयेस."

"पोचलीय ना पट्टीला?"

"पोचलीय. पण पडदा हलतो, उजू. बोलायला लागलं की तो सारखा पुढं मागं होणार, आणि प्रत्येक वेळी या तारेला हिसका. झोळ ठेवावा लागतो. प्रवचन संपेपर्यंत टिकेल ही. भावजी उठतील तेव्हा तुटेल."

"आई, मी दमलेय गं."

"माहितीये. काढ आणि परत कर."

मी काढलं. काढताना मूळ टोक अजून थोडं तुटलं, आता आणखी लांब तंतू लागणार होता. मी त्या तुकड्याकडे बघत बसले. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि खिडकीची तावदानं वाजली.

"काकांनी दवाखान्यात अण्णांना सांगितलंय," मी म्हणाले. "ते सांगणारच उद्या. ऐकू आलं काय, न आलं काय."

"ऐकू यायला पाहिजे."

"आणि समजा बोलले. राहशील इथे एकटी? पुढच्या दोन खोल्यांत? डोळ्यांनी दिसत नाही तुला नीट. माझ्याकडे चल म्हणतेय तर बघू म्हणतेस."

"बघूच म्हटलंय. नाही कुठं म्हटलंय?" तिनं पाय लांब केले. "तंतू आधी बोटाभोवती एकदा फिरव, मग जोड. आपोआप झोळ राहतो."

मी तसं केलं. या वेळी तार पट्टीवर येताना मधे सैल वाकली होती, दोन खांबांमधल्या दोरीसारखी. आईनं पुन्हा करंगळी टेकवली आणि मान हलवली.

फटीतला लोखंडाचा कीस चिकटपट्टीनं काढला, पडदा बसवला, स्क्रू पिळले. टॉर्चमधला सेल काढून त्याची दोन टोकं बाहेरच्या तारांना टेकवली. पडदा खर्र असा वाजला.

"घासतेय कॉइल," आई म्हणाली. "सगळे स्क्रू ढिले कर. पडदा जरासा फिरव. जरासाच. मग एकदा इकडचा, एकदा समोरचा, असे पिळ."

पुन्हा सेल टेकवला. टक्. सेल काढला. टक्. लहानपणी हा आवाज आला की अण्णा स्वयंपाकघरात जाऊन चहा मागायचे. आई भिंतीला टेकली आणि तिनं डोळे मिटले.

संध्याकाळी अल्ताफ आला. अँप्लिफायर लावून तो माइकवर "हॅलो" म्हणाला. कर्ण्यातून ते हॅलो रस्त्यापलीकडे गेलं. तिकडे पानटपरीवरची माणसं वळून बघायला लागली. त्यानं माइक बंद केला आणि नाक पुसत वायरी गुंडाळायला लागला.

दहाव्याच्या सकाळी कर्णा मीच वळवला. अल्ताफ घाटावरच्या पत्र्याच्या शेडवर चढून बांधत होता, मी खालून सांगत होते. आमचं घर दिसत नव्हतं, मधे चिंचा होत्या, पण ओट्यासमोरचा लाईटीचा खांब दिसत होता. त्याच्यावर नेम धरला. शेजारची एक म्हातारी आईजवळ बसवून आले होते. काकूही तिच्याजवळ थांबते म्हणाली, घाटावर आली नाही. याचं मला नवल वाटलं, पण विचार करायला डोकं नव्हतं.

प्रवचन झालं. मग एकेक जण बोलायला उठला. सरपंच म्हणाले, अण्णांनी गावाला आवाज दिला. हेडमास्तर म्हणाले, अण्णांनी गावाला आवाज दिला. सोसायटीचे चेअरमन उठले तेव्हा अल्ताफ माझ्या कानाशी म्हणाला, "आता हे पण तेच देणार." चेअरमननी तेच दिलं. मी अँप्लिफायरपाशी सतरंजीवर बसले होते. ऊन वाढत होतं. प्रत्येक वाक्य एकदा समोरच्या बॉक्समधून यायचं आणि क्षणभरानं चिंचांपलीकडून हलकं परत यायचं. म्हणजे कर्णा चालू होता. मी प्रत्येक वाक्याला ते परत येण्याची वाट बघत होते, दुसरं काहीच ऐकत नव्हते.

काका उठायच्या आधी माझ्याकडे आले आणि वाकले. त्यांचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता.

"तो वरचा बंद कर आता," ते हळू म्हणाले. "बाकीच्यांनी बोललेलं ऐकलं तेवढं पुरे. मी बोललो की तिला रडू आवरणार नाही."

अँप्लिफायरवर कर्ण्याचं बटण वेगळं होतं. माझं बोट त्याच्यापासून लांब नव्हतं.

"चालू राहू दे, काका."

"उजे, ऐक."

"ती त्यासाठीच बसलीय तिकडे."

ते तसेच वाकून उभे राहिले. मला वाटलं हात पुढे करून स्वतःच बंद करतील. अल्ताफ थोडा सरकला आणि अँप्लिफायरच्या पुढे आला, सहज वायर बघायला वाकल्यासारखा. काका सरळ झाले. समोर प्रवीण चुलत्यांच्या रांगेत बसला होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं. मग माइकपाशी गेले.

"मी काय बोलणारा माणूस नाही," त्यांनी सुरुवात केली. "बोलायचं काम माझ्या भावाचं. म्हणजे तो स्वतः कधी बोलला नाही, सगळ्या गावाला बोलायला लावलं." लोक थोडे हसले. चिंचांपलीकडून त्यांचा आवाज परत आला आणि ते थबकले. तिकडे बघायला लागले. लोकांकडे त्यांची पाठ झाली.

"वहिनी," ते म्हणाले. "ऐकताय ना?"

घाटावर कुणी हललं नाही.

"दवाखान्यात मी अण्णाच्या हातात हात दिला, की तुम्हाला त्या घरातून कुणी हलवणार नाही. ते आज इथं सांगणार होतो. सांगितलं असतं तर या सगळ्यांनी माना हलवल्या असत्या आणि आपापल्या घरी गेले असते." त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "पण घर माझं राहिलेलं नाही, वहिनी. हात दिला त्याच्या आधीच मी ते पोराच्या नावावर करून दिलं होतं. तो गाळे काढतोय. दिवाळी झाली की पुढच्या खोल्या पाडणार. अण्णाला सांगायचा धीर झाला नाही. तो असा बघत होता माझ्याकडं. म्हटलं, जाऊ दे याला सुखानं. पण तुम्हाला सांगायचा पण झाला नाही. रोज ओट्यावरून जात होतो. नाहीच झाला." ते थांबले. "एवढंच."

माइक खाली ठेवताना तो उलटा पडला आणि सगळीकडे शिट्टी वाजली. अल्ताफनं झडप घालून आवाज कमी केला. प्रवीण उठून गेला होता. माणसं एकमेकांकडे न बघता नदीकडे बघत होती, जिथे पिंड मांडले होते तिकडे. काका पायऱ्या उतरून पाण्यात गुडघाभर जाऊन उभे राहिले. कुणी त्यांच्याजवळ गेलं नाही.

मी घरी आले तेव्हा म्हातारी निघून गेली होती. काकू उंबऱ्यात बसून तोंडाला पदर लावून रडत होती. आई आत तिच्या जागेवर होती, पण भिंतीला टेकलेली नव्हती. खिडकी सताड उघडी होती.

"आलं ऐकू?" मी विचारलं. माझा आवाज मलाच भलता वाटला.

"आलं."

"आई, त्यांनी आधीच…"

"मला माहीत होतं. सिंधूनं सांगितलं होतं मला. अण्णांना दवाखान्यात नेलं तेव्हाच."

मी तिच्यासमोर बसले. उंबऱ्यातून काकूचं हुंदकणं ऐकू येत होतं.

"काका अण्णांच्या हातात हात देत होते तेव्हा तू तिथे होतीस. काही बोलली नाहीस."

"काय बोलायचं होतं? त्यांना बरं वाटलं ते ऐकून. जन्मभर दुसऱ्यांचं लोकांना ऐकवलं, शेवटी स्वतःला हवं ते ऐकायला मिळालं. ते मी कशाला मोडू?"

"मग हा कर्णा कशाला? माहीत होतं तर?"

मांडीवरच्या पदराची चुणी आई बोटांनी सरळ करत होती.

"भावजी खोटं बोलले असते ना, उजू, तर मी इथून हलले नसते. प्रवीण कुदळ घेऊन आला असता तरी हलले नसते. गावानं त्यांना माझ्या दारात उभं करून विचारलं असतं, मी बघत बसले असते. मनात तेच ठरवलं होतं मी. आणि मग मरेपर्यंत मला ह्याच खोलीत ह्याच गोष्टीचा विचार करत बसावं लागलं असतं." तिनं चुणी सोडली. "आता तुझ्याकडे येते. डोळ्यांचं ऑपरेशन करून घेऊ."

मला रडू आलं, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा. तिनं मला जवळ घेतलं नाही, तिला तेवढं अंतर दिसत नव्हतं बहुतेक. तिचा हात माझ्या गुडघ्यावर येऊन थांबला.

बाहेर ओट्यावर पावलं वाजली आणि थांबली. काकू उंबऱ्यातून उठून बाजूला झाली. काका ओट्यावर उभे होते, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, खांद्यावर टॉवेल. ते आत आले नाहीत. दाराच्या चौकटीला हात लावला आणि तो हात परत घेतला.

"वहिनी," ते म्हणाले. "ऐकू गेलं का?"

आईनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"स्वच्छ आलं, भावजी," ती म्हणाली. "आत या. उन्हात उभे राहू नका."